बर्ड फ्लू : धास्ती नको, दक्षता हवी

शेजारच्या एखाद्या जिल्ह्यात कोंबड्यांची मरतूक सुरू झाल्याची वार्ता आली की गोव्यातील बाजारात चिकनची मागणी घटते. येथे खपणारी बरीच कोंबडी आणि अंडी बेळगाव भागातून येत असल्याने ही धास्ती स्वाभाविक आहे. मात्र धोका नेमका कोठे आहे, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

बर्ड फ्लू हा इन्फ्लुएंझा ‘ए’ गटातील विषाणूंमुळे पक्ष्यांना होणारा रोग आहे. १९९७ साली हाँगकाँगमध्ये त्यातील ‘एच५एन१’ या घातक प्रकाराची लागण १८ जणांना झाली व सहा जण दगावले. भारतात हा रोग फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे प्रथम आढळला. माणसांत या विषाणूची लागण क्वचितच होते आणि माणसाकडून माणसाकडे तो सहजी पसरत नाही. मात्र झालेली लागण गंभीर ठरू शकते.

आजारी पक्ष्याची विष्ठा, लाळ आणि नाकातील स्राव यांतून विषाणू पसरतो. त्यामुळे खरा धोका ताटातील शिजलेल्या कोंबडीपेक्षा ती हाताळणाऱ्या, कापणाऱ्या आणि खुराडे साफ करणाऱ्या हातांना अधिक असतो. ७० अंश सेल्सिअस तापमानाला मांस आतपर्यंत शिजले की विषाणू नष्ट होतो. कच्चे मांस नळाखाली धुतल्यास शिंतोडे सर्वत्र उडतात, ते टाळावे. त्यासाठी सुरी व पाट वेगळे ठेवावेत आणि हात साबणाने धुवावेत. साथीच्या काळात ‘हाफ फ्राय’चा मोह आवरावा.

मेलेला कावळा, बगळा वा कोंबडी दिसल्यास उघड्या हाताने उचलू नये. मुलांना दूर ठेवून पशुसंवर्धन खात्यास कळवावे. पक्ष्यांच्या संपर्कानंतर ताप, खोकला, घसादुखी, डोळ्यांची लाली किंवा धाप जाणवल्यास डॉक्टरांना त्या संपर्काची स्पष्ट कल्पना द्यावी. विषाणूरोधक औषध लवकर सुरू झाल्यास अधिक उपयोगी पडते.

परसात चार गावठी कोंबड्या पाळणाऱ्यांनी मरतूक लपवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. रोग निश्चित झाल्यावर साधारणतः एक किलोमीटर परिसरातील कोंबड्या नष्ट केल्या जातात आणि भरपाई अशा नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नव्हे. म्हणूनच वेळीच दिलेली खबर पाळणाऱ्याचे नुकसान कमी करते आणि शेजाऱ्यांचे आरोग्यही राखते.