पासपोर्टवरचं ‘लेट’

शेक्सपिअरची भाषा म्हणजे ‘ओल्ड इंग्लिश’, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. अभ्यासक मात्र त्याला आधुनिक इंग्रजीच्या पहिल्या टप्प्यात बसवतात. खरी ओल्ड इंग्लिश साधारण ११५० पर्यंतची. त्या काळातलं ‘बेओवुल्फ’ हे काव्य आजच्या लंडनकरालाही मुद्दाम शिकल्याशिवाय वाचता येत नाही.

दुसरा समज असा, की जुन्या इंग्रजीत अडायला होतं ते अवघड शब्दांमुळे. उलट आहे. अनोळखी शब्द दिसला की आपण निमूट शब्दकोश उघडतो. दगा देतात ते ओळखीचे शब्द.

आपला भारतीय पासपोर्टच काढून पाहा. धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावं, अशी राष्ट्रपतींच्या नावाने केलेली विनंती त्यात छापलेली असते. हे ‘लेट’ परवानगी देणारं नव्हे, अडवणारं आहे. इंग्रजीत एकेकाळी दोन वेगळी क्रियापदं होती, एक ‘होऊ देणे’ आणि दुसरं ‘अडथळा आणणे’. उच्चार झिजत झिजत दोन्ही सारखी झाली आणि दुसरं वापरातून जवळजवळ गेलं. कायद्याच्या भाषेत ते तगलं, तसंच टेनिसमध्येही. सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून चौकटीत पडला की पंच पुकारतात ते हेच. गंमत म्हणजे देवनागरीत वाचून कुणी ‘लेट म्हणजे उशीर’ म्हणाला, तर तो अगदीच भरकटलेला नसतो. अडथळ्याचं ‘लेट’ आणि उशिराचं ‘लेट’ एकाच मुळाचे.

रोमिओचं नाव घेत ज्युलिएट ‘वेअरफोर’ विचारते, तेव्हा ‘तू कुठे आहेस?’ असा अर्थ हमखास लावला जातो. या शब्दाचा अर्थ ‘का’. तो कुठे आहे, हा तिचा प्रश्नच नाही. शत्रूच्या घराण्याचं नाव त्याने का धारण करावं, ही तिची तगमग आहे. (तो प्रसिद्ध सज्जाही नंतरचाच, नाटकाच्या संहितेत तो शब्द नाही.)

‘दाऊ’ हे आदराचं संबोधन, हा समज तर इंग्रजांमध्येही पक्का आहे. बायबलमध्ये देवाला ‘दाऊ’ म्हटलंय, म्हणजे ते भारदस्तच असणार! मराठी माणसाने तरी इथे फसू नये. आपण विठोबाला अरे-तुरे करतो, आईला ‘तू’ म्हणतो आणि भांडण पेटलं की समोरच्यालाही ‘तू’वर आणतो. ‘दाऊ’ नेमकं तसंच होतं. मान द्यायचा असेल तर ‘यू’. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी बाजू मांडणाऱ्या एडवर्ड कोक यांनी त्यांना भर न्यायालयात ‘दाऊ’ म्हणून पाणउतारा केला. पुढे क्वेकर पंथीयांनी लहानथोर सगळ्यांनाच ‘दाऊ’ म्हणायला सुरुवात केली आणि प्रतिष्ठितांचा रोष ओढवून घेतला.

दुकानांच्या पाट्यांवरचं ‘यी ओल्ड’ हे मुळात ‘द ओल्ड’. ‘थ’साठीचं ‘थॉर्न’ हे जुनं अक्षर हस्ताक्षरात ‘वाय’सारखं दिसू लागलं होतं, छापखान्यांनी ‘वाय’वरच भागवलं. ‘यी’ असा उच्चार त्या काळी कुणी करत नव्हतं.

‘पॉश’ची गोष्ट मुंबईकरांना विशेष लाडकी. विलायतेहून मुंबईला येताना जहाजाची डावी बाजू सावलीची, परतताना उजवी. म्हणून श्रीमंत साहेबांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ असा शिक्का, आणि त्याची आद्याक्षरं म्हणजे ‘पॉश’. असं शिक्क्याचं तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. जुन्या शब्दांची फोड आद्याक्षरांनी करून दाखवणारी गोष्ट ऐकली की मी आधी संशय घेतो, कारण असे शब्द घडवण्याची टूम मुख्यतः विसाव्या शतकातली.

मग शब्दकोशावर तरी डोळे मिटून विश्वास ठेवावा का? १९३४ च्या वेब्स्टर कोशात ‘डॉर्ड’ हा शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला. मूळ चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘डी ऑर डी’, म्हणजे घनतेसाठी मोठा किंवा छोटा ‘डी’ चालेल. कुणीतरी ती अक्षरं सलग वाचली आणि शब्द जन्माला आला. त्याला व्युत्पत्तीच दिलेली नाही, हे १९३९ मध्ये एका संपादकाला खटकलं, तेव्हा कुठे बिंग फुटलं.