तलवाड्याचा खोटा निरोप

१० ऑक्टोबर १९४५ ही तलवाड्याच्या गोळीबाराची तारीख ठाण्यातल्या चळवळीच्या जुन्या माणसांना पाठ असते. पण त्या रात्री एवढी गर्दी जमवली कोणी, हे क्वचितच सांगितलं जातं. निरोप किसान सभेचा नव्हताच.

गवतकापणीचा हंगाम होता. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मिळाल्याशिवाय विळा हातात धरायचा नाही, असं उंबरगाव-डहाणूच्या वारली आदिवासींनी ठरवलं होतं. संप मोडेना, तेव्हा जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांवर आवई उठवली: किसान सभेच्या नेत्या गोदावरीबाई परुळेकर तलवाड्याला येताहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन निघा. आणि सरकारदरबारी कागाळी केली, की वारली चालून येताहेत. बाईंना त्या सभेचा पत्ताही नव्हता.

हजारो माणसं जमली. रात्री पोलिसांनी गोळ्या झाडायला सुरुवात केली आणि थांबून थांबून दुसऱ्या दिवसापर्यंत झाडत राहिले. तरी माणसं हलेनात. बाई आल्या आणि आपण तिथे नसलो तर? किसान सभेचा लाल बावटा सोडून कोणी जाईना. जेठ्या गांगड पडला, आणखी चौघे गेले. मला यातलं जिव्हारी लागतं ते हे, की या माणसांच्या मायेचाच सापळा केला गेला.

त्याच वर्षीच्या जानेवारीत टिटवाळ्याच्या किसान परिषदेत झरीचा माह्या धांगडा व्यासपीठावर उभा राहून वेठबिगारीबद्दल बोलला होता. नऊ महिन्यांत त्या बोलण्याला उत्तर मिळालं ते गोळ्यांनी.

पुढे १९४६ मध्ये मुंबई प्रांतात आपलंच मंत्रिमंडळ आलं, गृहखातं मोरारजी देसाईंकडे. परुळेकर पती-पत्नीला जिल्ह्यातून हद्दपार केलं गेलं, आणि ७ जानेवारी १९४७ ला पालघर तालुक्यातल्या नानिवलीत पुन्हा गोळीबार झाला. पुन्हा पाच बळी. मजुरी मागणाऱ्याला बंडखोर ठरवलं, की बंदूक चालवणं सोपं जातं. राज्य गोऱ्यांचं की आपलं, याने त्यात काडीचा फरक पडला नाही.

तलवाड्याच्याही आधी, आपल्या मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला पोलिसांच्या गोळ्यांनी स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गेले. दरवर्षी त्या दिवशी तिथे माणसं जमतात, हे योग्यच आहे. तानसा, शहापूर, मुरबाडच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: त्या दिवशी मुलांना जेठ्या गांगडचंही नाव सांगा, आणि त्या खोट्या निरोपाची हकिगतही.