मीटर स्मार्ट झाला, जोडणीचे काय?

छत्तीसगडमधल्या भिलाई-३ आणि चरोदा या भागाला विजेचे अप्रूप नाही. रेल्वेचे मोठे यार्ड आणि इलेक्ट्रिक लोको शेड इथलेच, पोलाद कारखाना पलीकडे. जवळच्याच कारखाना वसाहतीच्या सेक्टरांमध्ये वीज वाटण्याचे काम अनेक दशके कारखान्यानेच केले. भिलाई-३ मध्ये मात्र राज्य वीज कंपनीचा खांब. तरीही दारावर स्मार्ट मीटर लागू लागल्यापासून इथल्या मराठी घरांतही तेच समज ऐकू येतात, जे नागपूर-अमरावतीत ऐकू येतात. त्यातले काही भीतीपोटी आहेत, काही जाहिरातींमुळे.

पहिला गैरसमज असा, की स्मार्ट मीटर बसला म्हणजे ग्रिड स्मार्ट झाली. मीटर हे फक्त एक टोक आहे. तो दर १५ किंवा ३० मिनिटांची नोंद साठवतो. ती रेडिओच्या जाळ्यातून किंवा मोबाइल नेटवर्कवरून ‘हेड एंड सिस्टम’ नावाच्या सर्व्हरकडे जाते. तिथून मीटर डेटा सांभाळणाऱ्या प्रणालीकडे, मग बिलिंगकडे, आणि शेवटी तुमच्या हातातल्या ॲपवर. यातला मीटर एका कंपनीचा, नोंद पाठवणारे संपर्काचे कार्ड दुसरीचे, बिलिंग तिसरीचे, असे सर्रास असते. मीटर अचूक असला तरी त्याचा क्रमांक शेजारच्या ग्राहक क्रमांकाला जोडला गेला, तर बिल चुकणारच. म्हणून मला मीटरइतकीच किंवा जास्तच काळजी सांध्यांची वाटते.

दुसरा समज, की वेगवेगळ्या यंत्रणांनी एकमेकांशी जुळवून घेणे हे परदेशातून आलेले नवे खूळ आहे. हे खरे नाही, आणि त्याचा पुरावा याच पट्ट्यात आहे. २००३ च्या मार्चपर्यंत महाराष्ट्र, छत्तीसगड, गुजरात, मध्य प्रदेश यांची पश्चिम ग्रिड आणि पूर्वेकडची ग्रिड यांची वारंवारिता वेगवेगळी चालायची. रायपूर-राउरकेला या ४०० किलोव्होल्ट लाइनने त्या एका तालात आल्या. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट लाइनने दक्षिणही जोडली गेली. दोन ग्रिड जोडताना व्होल्टेज, वारंवारिता आणि फेज जुळल्याशिवाय ब्रेकर जोडता येत नाही. जुळवाजुळव बिघडली की काय होते, तेही आपण पाहिले. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी बिना-ग्वाल्हेर लाइन बंद पडल्यानंतर आधी उत्तर भारत, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य भारत अंधारात गेला. पश्चिम ग्रिड वेगळी होऊन टिकली.

तारांमधल्या विजेचे नियम असे कधीच ठरले. माहितीचे नियम ठरायला उशीर झाला. पूर्वी एका कंपनीचा मीटर वाचायला त्याच कंपनीचे सॉफ्टवेअर लागायचे. आता स्मार्ट मीटर कसा असावा हे २०१५ चे भारतीय मानक आयएस १६४४४ सांगते, आणि त्याने माहिती कोणत्या रूपात द्यावी हे आयएस १५९५९. त्यातल्या संकेतांक पद्धतीत १.०.१.८.०.२५५ म्हणजे ग्रिडमधून घेतलेल्या एकूण युनिटांची नोंद. छतावरच्या सोलरने ग्रिडला दिलेल्या युनिटांसाठी १.०.२.८.०.२५५. मीटर कोणीही बनवो, हा आकडा मागितला की हीच नोंद यायला हवी.

इथेच तिसरा गैरसमज उगवतो: मानक आहे म्हणजे कोणताही मीटर कुठेही चालेल. नाही. माहितीचे रूप ठरले, पण ती वाहून नेणारे रेडिओ जाळे बऱ्याचदा ज्या त्या कंपनीचे असते. एका कंपनीच्या जाळ्यातला मीटर दुसरीच्या जाळ्यात सहसा आपोआप सामील होत नाही. वीज कंपन्यांनी निविदेतच संपर्काचे कार्ड बदलता येईल अशी अट घालावी, असे माझे ठाम मत आहे. नाहीतर पुरवठादार बदलायची वेळ आली की सगळे मीटर पुन्हा उतरवावे लागतील, आणि तो खर्च शेवटी वीजदरातच येईल.

मीटरमधल्या घड्याळाकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लागू करायचे आहेत: उन्हाच्या तासांत स्वस्त, गर्दीच्या वेळी महाग. हजारो मीटरांची घड्याळे सर्व्हरशी जुळलेली नसतील, तर संध्याकाळी वापरलेले युनिट कोणत्या दरात बसेल?

मीटर तुमच्या घरात काय चाललेय ते ऐकतो, फ्रिज-टीव्ही ओळखतो, ही भीतीही ऐकू येते. मीटरला घराचा फक्त एकत्रित भार दिसतो. दूरवरून पुरवठा तोडण्या-जोडण्याचा स्विच त्यात आहे, हे मात्र खरे. वेळेनुसारच्या नोंदींवरून घरात कोणी आहे की नाही याचा अंदाज बांधता येतो, हेही खरे. म्हणून ही माहिती कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न रास्त आहे.

सोलर लावणाऱ्यांचा एक समज तर विकत घेण्याआधीच दूर व्हावा. लाइट गेली की आपले छत घर चालवेल, असे अनेकांना वाटते. बॅटरी नसलेला साधा ग्रिड-टाय इन्व्हर्टर ग्रिड गेल्याबरोबर बंद पडतो, आणि तो पडलाच पाहिजे. आयएस १६१६९ हे मानक त्याचीच चाचणी घेते. तुमच्या छतावरून वीज उलटी तारेत गेली, तर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. बॅकअप हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि तो ठरवताना विक्रेत्याला लेखी विचारावे.

उरला ‘मीटर पळतो’ हा आरोप. स्मार्ट मीटरची अचूकता साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरसारख्याच निकषावर तपासली जाते. शंका असेल तर वाद घालण्याची गरज नाही. २०२४ मध्ये दुरुस्त झालेल्या ग्राहक हक्क नियमांनुसार तक्रार केल्यापासून ५ दिवसांत पडताळणीसाठी जास्तीचा मीटर बसवायचा असतो, आणि किमान ३ महिने त्याच्याशी ताडून पाहायचे असते.

तेव्हा मीटर बदलायला माणूस दारात आला की जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो काढा. नव्याचा क्रमांक लिहून घ्या. पहिले बिल आल्यावर त्यावरचा मीटर क्रमांक आणि ग्राहक क्रमांक दोन्ही जुळवा. न जुळल्यास १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.