विद्यार्थ्यांसाठी वाद्यं विकायचीत? आधी घ्यायला शिका



तासगावच्या बॅचमध्ये एका तरुणाने विचारलं, "सर, आमच्या गावात दोन संगीत वर्ग चालतात. शाळेला बँड घ्यायचाय. भजनी मंडळातली पोरं पखवाज शिकतात. वाद्यं घ्यायला मात्र सगळे बाहेर जातात. मी दुकान टाकू का?"

मी विचारलं, "पेटी विकत घेताना तू काय बघशील?"

तो म्हणाला, "किंमत."

आता बघा, हाच मुलगा घरचा बेदाणा सौद्याला नेतो. व्यापारी बेदाण्याची मूठ उचलतो, रंग बघतो, दाणा बघतो, दाबून बघतो आणि मगच बोली लावतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलंय. न बघता बोली लावणाऱ्याला तो स्वतः हसेल. पण वाद्याच्या बाबतीत तो फोटो बघून पैसे पाठवायला तयार होता.

त्याला हसायचा मला अधिकार नाही, कारण मीही तेच केलं होतं. काही वर्षांपूर्वी मी लांबच्या शहरातल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून फोनवरच सहा हार्मोनियम मागवल्या. एक पेटी ६,००० रुपयांना. मे महिन्यात माल आला, छान पॉलिश, चकचकीत. पंधरा दिवसांत सगळ्या विकल्या आणि मी खूश. जुलैचा पाऊस लागला आणि फोन सुरू झाले. एका घरी भाता मारला की पट्टी न दाबताच सूर वाजायचा. दुसऱ्या घरी तीन पट्ट्या खाली गेल्या त्या वर येईनात. सहापैकी चार पेट्या परत आल्या. पालकांचे पैसे परत दिले, त्या व्यापाऱ्याने मात्र माझा फोन घेणं बंद केलं.

त्यातली एक पेटी घेऊन मी मिरजेला एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी ती वाजवलीसुद्धा नाही. भाता भरला, हात सोडला आणि कान लावून बसले. मग म्हणाले, "लाकूड ओलं होतं सर. उन्हाळ्यात आलं म्हणून गप्प बसलं. पावसात बोलायला लागलं." दुरुस्तीचा खर्च विचारला तर म्हणाले, "याच्यात पैसे घालू नका."

मी पेटी घेतली होती, पण पेटी बघायची कशी हे मला येत नव्हतं. म्हणून आज दुकान, बोर्ड आणि व्हिजिटिंग कार्ड बाजूला ठेवू. खरेदीवर बोलू.

तासगाव-सांगली भागातल्या माणसाला एक गोष्ट फुकट मिळालीय, ती म्हणजे तासाभराच्या अंतरावरची मिरज. शस्त्रांचं काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांतले लोक एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले, आणि आज सतारमेकर हेच तिथल्या कित्येकांचं आडनाव आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले ते मिरजेत. अब्दुल करीम खाँसाहेबांचं घर मिरजेत होतं. गाणारे आले, त्यांना वाद्यं लागली, आणि दुरुस्त करणारे हात तयार झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा महिनोन्‌महिने वाळवून मग त्याचा तंबोरा होतो. ज्या गल्लीत भोपळ्याला इतका वेळ दिला जातो, तिथे "लाकूड वाळलंय का?" हा प्रश्न विचारायची लाज वाटायचं कारण नाही. दोन-चार शनिवार तिथे नुसते बसायला जा. काही विकत घेऊ नका. चहा प्या आणि दुरुस्तीला काय येतं ते बघा. जे वारंवार दुरुस्तीला येतं, ते तुमच्या दुकानात नको.

आता हार्मोनियम. सुरुवातीच्या मुलांसाठी सर्वात जास्त मागणी हिलाच आणि सर्वात जास्त फसवणूकही इथेच. शिकणाऱ्याला दोन रीडची, म्हणजे बेस-मेल, साधी पेटी पुरते. कपलर, स्केल चेंजर, नऊ-नऊ स्टॉपर हे सगळं दुकानदाराच्या सोयीचं. भाग जितके जास्त, तितकी बिघडायची ठिकाणं जास्त. घेताना ड्रोनचे स्टॉपर बंद ठेवून बाकीचे सगळे उघडा, भाता भरा आणि एकही पट्टी न दाबता थांबा. गुणगुण ऐकू आली की हवा गळतेय. भाता लगेच बसला तरी तेच. मग एकेक पट्टी हळू दाबा, काळ्या-पांढऱ्या सगळ्या. प्रत्येक सूर तितक्याच दाबाला उमटला पाहिजे आणि पट्टी तितक्याच चपळाईने वर आली पाहिजे. मोबाइलवर ट्यूनर अ‍ॅप फुकट मिळतं, त्यावर सूर तपासा. रीड कुठली तेही विचारा. गुजरातेतल्या पालिताणाच्या रीडला या धंद्यात नाव आहे, आणि ज्याला आपल्या पेटीत कुठली रीड आहे हे सांगता येत नाही, त्याने ती पेटी बहुतेक स्वतः बनवलेली नसते.

तबल्याला वेगळा डोळा लागतो. इथे नवीन माणूस बाहेरचं लाकूड आणि डग्ग्याची चकाकी बघतो. बघायची असते पुडी. शाईला तडा गेलाय का, कणी उडालीय का, कडेने फिरून सगळ्या घरांवर टिचकी मारली की आवाज सारखा येतो का? शिसवीचं जड खोड टिकतं, हलकं खोड सुरात राहत नाही. आणि ऑर्डर देण्याआधी वर्गाच्या गुरुजींना एकच प्रश्न विचारा: "तुमच्या वर्गात सूर कुठला? काळी एक की काळी चार?" तबल्याचं तोंड लहान असेल तर सूर चढा लागतो. काळी चारचा तबला काळी एकच्या वर्गात गेला की पोरगं महिनाभर हातोडी मारत बसतं आणि मग पुडी फाटते. दोष कुणाला? दुकानदाराला.

बासरीत भांडवल कमी लागतं, म्हणून सुरुवातीला बरी. उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतची बासरी देशभर जाते. शंभर मागवाल तर त्यातल्या किती खरोखर सुरात आहेत हे ट्यूनर लावून, एकेक फुंकून वेगळं करा. सुरातल्या विद्यार्थ्यांना, बाकीच्या जत्रेत खेळणं म्हणून. दोन्ही एकाच टोपलीत ठेवून एकाच भावाने विकू नका. लहान मुलाला लांब बासरी देऊ नका, बोटं भोकांवर पोचत नाहीत, आणि मूल समजतं की आपल्याला येतच नाही.

तंबोरा आणि सतार दुकानात भरून ठेवू नका. घरच्या रियाजाला बरेच जण अ‍ॅपवर किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर भागवतात. गिऱ्हाईक आलंच तर त्याला घेऊन मिरजेला जा, कारागिरासमोर बसवा, जवारी ऐकवा. ऑर्डरवर तुमचा वाटा ठरवून घ्या. तुमचा पैसा अडकत नाही, गिऱ्हाईकाला योग्य वस्तू मिळते.

शाळेच्या बँडचं गणित निराळं. बिगुल, ट्रम्पेट वगैरे पितळी वाद्यांसाठी मेरठचं नाव मोठं. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासूनची. पण या धंद्यात वस्तूपेक्षा तारीख महत्त्वाची. शाळा जूनमध्ये उघडतात आणि १५ ऑगस्टला बँड मैदानात हवा असतो. मुख्याध्यापक जुलैच्या शेवटी जागे होतात. तुम्ही एप्रिलमध्येच जाऊन भेटा. तीन दरपत्रकं, समितीची मंजुरी, मग ऑर्डर, हा रस्ता वेळ खातो. आणि बिल? ते निघायला किती महिने लागतील हे आधी विचारा. मोठी ऑर्डर मिळाली म्हणून पेढे वाटणारे आणि दिवाळीपर्यंत उधारीत बुडालेले मी पाहिलेत. आगाऊ रक्कम मिळत नसेल तर नवीन माणसाने पहिल्या वर्षी पूर्ण बँड घेऊच नये. साइड ड्रमची कातडी, काठ्या, पट्टे, जुन्या बिगुलांचे पोचे काढणं, हे काम घ्या. शाळेच्या कपाटात पडलेला बँड अर्ध्याहून कमी खर्चात उभा राहतो, आणि मुख्याध्यापकांच्या लक्षात तुम्ही राहता.

आता पैशाचं बोलू. आकडे समजा म्हणून घेतोय, तुमच्या बाजारभावाप्रमाणे बदला. पेटी ९,००० ला पडली. आणायचा खर्च आणि विकण्याआधीचं ट्यूनिंग मिळून ७००. तुम्ही ११,००० ला विकली. हातात १,३०० दिसतात. पण सहा महिन्यांनी, पहिल्या पावसानंतर, ती पेटी परत सुरात लावून द्यावी लागणार. त्याचे ६०० कारागिराला. उरले ७००. म्हणजे तुमची खरी किंमत ११,००० नाहीच. ११,५०० सांगा आणि पावतीवर लिहून द्या: एक वर्षात एक ट्यूनिंग मोफत. पालक म्हणतील, "ऑनलाइन ७,५०० ला दिसतेय." वाद घालू नका. म्हणा, "घ्या की ताई. फक्त ती सुरात कोण लावून देणार, तेवढं विचारून घ्या." काही जण तिकडूनच घेतील. त्यातले निम्मे पेटी दुरुस्तीला तुमच्याकडेच आणतील, आणि त्या दुरुस्तीचेही पैसे मिळतात.

भाड्याने वाद्य द्यायची कल्पना सगळ्यांना आवडते, तिचंही गणित बघा. त्याच ९,००० च्या पेटीला महिना ४०० भाडं. वर्षात दहा महिने बाहेर राहिली तर ४,०००. एक ट्यूनिंग वजा, ३,४००. मुद्दल सुटायला अडीच वर्षांवर जातात. नुसत्या भाड्यावर घर चालणार नाही. तरीही दोन-तीन पेट्या आणि दोन तबलाजोड्या भाड्याला ठेवाच, कारण पुष्कळ मुलं पहिल्या काही महिन्यांतच शिकणं सोडतात आणि पालकांना तीच भीती असते. "अनामत ठेवा, भाड्याने न्या, सहा महिने टिकला तर विकत घ्या, तीन महिन्यांचं भाडं किमतीतून वजा करतो", हे ऐकलं की आईचा चेहरा मोकळा होतो. जे मूल टिकतं, त्याचं घर तुमचं कायमचं गिऱ्हाईक.

एक नाजूक विषय. काही ठिकाणी गुरुजी कमिशन मागतात. तुम्ही म्हणाल, सगळेच देतात. माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. कमिशन दिलंत की ते पालकाच्या किमतीत चढवावं लागतं, आणि उद्या दुसऱ्याने जास्त दिलं की गुरुजी तिकडे. त्याऐवजी वर्गातली स्वतःची वाद्यं वर्षातून दोनदा फुकट सुरात लावून द्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात होतात. परीक्षेच्या महिनाभर आधी कारागिराला घेऊन वर्गात जा. त्या दिवशी वर्गातली वीस मुलं आणि त्यांना न्यायला आलेले पालक तुम्हाला काम करताना बघतात. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीत अटींनुसार वाढीव गुण मिळतात, त्यामुळे अर्ध्यात सोडणाऱ्यांपेक्षा परीक्षेला बसणारी मुलं जास्त काळ शिकतात. तुमचा माल त्यांच्यासाठी.

भांडवल? मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, पण पहिल्या सहा महिन्यांत तेवढ्याचीही गरज पडू नये. दोन पेट्या, दोन तबलाजोड्या, निवडलेल्या बासऱ्या, आणि सुट्टं सामान: वाद्या, गट्टे, हातोड्या, पावडर, सतारीच्या तारा, पेटीची खोळ. सुट्ट्या सामानात नफ्याचं प्रमाण जास्त आणि गिऱ्हाईक महिन्याला परत येतं. गणपतीत, विशेषतः रथोत्सवाच्या आधी, ढोल-ताशाची पानं, झांजा आणि लेझीम यांची मागणी येईल. ती घ्या, पण रोखीने. मंडळाची उधारी विसर्जनाबरोबर जाते.

कराबाबत एकच गोष्ट सांगतो, बाकी तुमच्या सीएला विचारा. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हापासून हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना करमाफी आहे, त्यांची यादी आहे. पितळी बँड, गिटार, कीबोर्ड त्या यादीत नाहीत. दोन्ही माल ठेवणार असाल तर बिलं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. आपला जिल्हा कर्नाटकाला लागून आहे. अथणीचं गिऱ्हाईक दुकानात येऊन माल घेऊन गेलं ती गोष्ट वेगळी, आणि तुम्ही बिल करून माल अथणीला पाठवलात ती वेगळी. परराज्यात माल विकायचा असेल तर नोंदणीचे नियम बदलतात. पहिलं पार्सल पाठवायच्या आधी विचारून घ्या.

त्या तरुणाला मी दुकानाचा गाळा बघायला पाठवलं नाही. त्याच्या गावातल्या दोन्ही वर्गांत जाऊन तिथल्या प्रत्येक वाद्याची यादी करायला सांगितलं: कुठलं वाद्य, कधी घेतलं, काय बिघडलंय, सूर कुठला. आठवड्याने तो वही घेऊन आला. एकवीस वाद्यं, त्यातली नऊ दुरुस्तीला आलेली. ती नऊ टेम्पोत घालून तो या शनिवारी मिरजेला जाणार आहे.