फुगलेला सनमायका आणि व्हॅक्यूम प्रेस

उन्हाळा तापू लागला की परंडा, भूम, बार्शी या भागातील सुतारकाम करणाऱ्या बांधवांकडे एक तक्रार हमखास येते. "मिस्त्री, कपाटाच्या दाराला मधोमध फुगा आलाय." गिऱ्हाईक राहिलेले पैसे अडवून धरते आणि पुढचे काम शहरातील तयार फर्निचरवाल्याला देते. आपला कारागीर हाताने कमी असतो असे नाही. पुष्कळदा कमी पडतो तो दाब.

आपली नेहमीची पद्धत पाहा. प्लायला फेव्हिकॉल लावायचा, सनमायका ठेवायचा, कडेने क्लॅम्प आवळायचे आणि वर विटा किंवा सिमेंटच्या गोण्या रचायच्या. कडा दाबल्या जातात, पण मधला भाग तसाच राहतो. तिथे अडकलेली हवा आणि पातळ-जाड राहिलेला गोंद पुढे उन्हात फुगा होऊन वर येतो. मोठ्या कारखान्यात यासाठी हायड्रॉलिक प्रेस असते. ती लहान दुकानाच्या आवाक्यात नाही आणि तिला जागाही फार लागते. व्हॅक्यूम प्रेस मात्र दहा बाय बाराच्या खोलीतही मावते.

दाब येतो कोठून?

आपल्या सभोवतालच्या हवेला वजन आहे. ती सर्व बाजूंनी सारखी दाबते, म्हणून आपल्याला जाणवत नाही. जाड प्लास्टिकच्या पिशवीत काम ठेवून आतली हवा पंपाने काढली, की बाहेरची हवा पिशवीसकट ते काम दाबते. म्हणजे पंप दाबत नाही, हवा दाबते. पोकळी असू शकते का, या प्रश्नावर अबू नस्र फाराबी (निधन इ.स. 950) यांनी स्वतंत्र रिसाला लिहिला होता. ही चर्चा इतकी जुनी आहे.

आता हिशेब पाहू. समुद्रसपाटीला एका चौरस मीटरवर सुमारे 10 टन दाब असतो. आपला भाग सुमारे 500 मीटर उंचीवर असल्याने येथे तो थोडा कमी भरतो. आठ बाय चारच्या एका शीटवर 85 टक्के व्हॅक्यूम मिळाला, तर सुमारे 24 टन दाब पडतो. पन्नास किलोच्या 480 गोण्या रचल्यासारखेच हे झाले, आणि तोही इंच न् इंच सारखा. पंपावरच्या घड्याळात काटा 24 इंचांवर आला की काम भागले. येथे तो 30 वर कधीच जाणार नाही, त्यामुळे पंप खराब आहे असे समजू नये.

साहित्य

पिशवी जाड विनाइलची, अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीची घ्यावी. तोंड बंद करायला पिशवीची कड दांड्यावर गुंडाळून वरून उभा चिरलेला पीव्हीसी पाईप बसवावा. पंप म्हणाल तर एसी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गॅस भरण्याआधी वापरतात तोच चालतो. सुरुवातीला तो मागून आणून प्रयोग करून पाहावा. मात्र गोंदाची ओल पंपाच्या तेलात उतरते, म्हणून तेल वरचेवर बदलावे. पॉलिशच्या फवाऱ्याचा कॉम्प्रेसर हवा बाहेर फेकतो. त्याला व्हेंच्युरी जोडल्याशिवाय तो या कामाचा नाही.

वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून पंप आणि पिशवी यांच्यामध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवलाच पाहिजे. वीज गेली तरी चांगली पिशवी दाब बराच वेळ धरून ठेवते.

कामाची रीत

पिशवीत खाली एक सपाट बोर्ड ठेवावा. त्यावर दर चार इंचांवर आडव्या-उभ्या बारीक खाचा पाडाव्यात, म्हणजे हवेला बाहेर पडायला वाट मिळते. बोर्डाचे कोपरे गोल करावेत, आणि पिशवीत खिळा किंवा भुसा राहू देऊ नये. एका टोचणीने सारी मेहनत वाया जाते.

गोंद प्लायला लावावा, व्हिनियरला नाही. अर्ध्या मिलिमीटरचे व्हिनियर ओल लागताच वळते. गोंद व्हिनियरमधून वर झिरपतो, म्हणून वर पातळ प्लास्टिकचा कागद आणि त्यावर सपाट बोर्ड ठेवावा. शीट चहूबाजूंनी अर्धा इंच मोठी कापावी.

पिशवीत पाणी उडून जात नाही, ते लाकडातच मुरते. म्हणून घाई करू नये. पांढऱ्या गोंदाला तीन-चार तास द्यावेत, थंडीत रात्रभर ठेवावे. सनमायकातून ओल जात नाही, त्याला जास्तच वेळ लागतो. गोलाईच्या कामाला पांढरा गोंद हळूहळू सरकतो, तेथे युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद वापरावा. त्याचा वास डोळ्यांना आणि छातीला त्रास देतो, म्हणून दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. रबरी सोल्युशन मात्र या पिशवीत नको. ते टेकताच चिकटते आणि त्यातील द्रव प्लास्टिक बिघडवतो.

दोन गोष्टी विसरू नका

एक, फळीला एकाच बाजूने शीट लावली तर ती बाक धरते. मागील बाजूलाही स्वस्तातली का होईना, शीट लावावी. दोन, आतून पोकळ असलेले दार किंवा खोके पिशवीत घालू नये. 24 टनांखाली ते चिरडते.

सपाट दारांपुरतेच हे यंत्र आहे असेही नाही. मशिदीच्या मिंबरची गोलाई, कमानीचे दार, वळणदार काउंटर अशी कामे क्लॅम्पने नीट होत नाहीत. साचा केला तर पिशवी ती सहज दाबते.

यासाठी व्याजी कर्जाच्या मागे लागण्याची गरज नाही. तीन-चार कारागिरांनी शिरकतीत पंप घ्यावा, पिशवी ज्याची त्याने करावी आणि कामाचे दिवस वाटून घ्यावेत. हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावा.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा वरून कोरड्या दिसणाऱ्या राशीत आत ओल निघाली. ती ओल वर का ठेवली नाही, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले. आपल्या दाराची गोष्टही तीच आहे. वरून सनमायका चकाकतो, आत काय आहे ते गिऱ्हाईकाला दिसत नाही. दार देण्यापूर्वी बोटाने ठोकून पाहावे. जेथे पोकळ आवाज येईल तेथे काम पुन्हा करावे. उन्हाळा आल्यावर तो दोष उघडा पडणारच आहे.