कोपऱ्यावरचा गडी सोडला, त्याची किंमत कशी मोजायची?

सौंसर : लिलावात चांगला गडी हातचा गेला की कबड्डीवाल्यांचा पहिला सवाल ठरलेला, 'सोडलं ते चुकलं का?' इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलुईचा हिशेब त्यासाठी पाहण्यासारखा आहे.

2023 मध्ये पुणेरी पलटणने त्याला 2.35 कोटींना घेतलं. त्याने पकडीचे 99 गुण मिळवले. 1 मार्च 2024 ला पुण्याने हरियाणा स्टीलर्सला 28-25 ने हरवून पहिलं विजेतेपद पटकावलं. तरी पुढच्या लिलावाआधी त्याला सोडलं. हरलेल्या हरियाणानेच त्याला 2.07 कोटींत उचललं, म्हणजे 28 लाख स्वस्तात. 29 डिसेंबर 2024 ला हरियाणा विजेता, पुणे मात्र पहिल्या सहातही नाही.

मग पुण्याचा तोटाच झाला? सरळ तसं म्हणता येत नाही. त्याच हंगामात कर्णधार अस्लम इनामदार जखमी झाला, चढाई ढिली पडली. हरियाणाही आधीच अंतिम फेरी खेळलेला संघ होता.

शिवाय पक्का कोपरा असला की चढाई करणारा त्या बाजूला जायलाच बिचकतो. हे गुणफलकावर दिसत नाही. म्हणून तीन गोष्टी पाहाव्या : त्या बाजूने किती गुण गेले, जागेवर आलेल्याने किती पकडी केल्या आणि वाचलेला पैसा कुठे लागला.

2025 मध्ये शादलुई 2.23 कोटींना गुजरातकडे गेला. त्याच्याविना पुणे अंतिम फेरीत पोचलं, दिल्लीकडून 31-28 ने हरलं. एकाच वर्षाचा ताळेबंद पाहून नफा-तोटा काढू नये, तो असा.