विचारून की सांगून?

“ताई, मालकांनी सोडलं तुम्हाला?” पोर्तुगालला निघायच्या आदल्या आठवड्यात बचतगटाच्या बैठकीत एकीनं विचारलं. “सोडलं की! ह्यांनी अगदी आनंदानं परवानगी दिली,” मी म्हटलं. म्हणताना थोडा अभिमानच वाटला. हेच वाक्य परक्या देशातल्या एका स्वयंपाकघरात मला टोचणार आहे, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

भाची लिस्बनला शिकते. “मावशी, तू आणि आई दोघीच या. गाडी मी चालवते,” असा तिचा हट्ट. लिस्बन ते पोर्तो सरळ गेलं तर तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर. आम्ही मात्र वाटेतली जुनी गावं बघत, थांबत थांबत सहा दिवसांत गेलो. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं धावतात. पहिला दिवसभर वळण आलं की माझा पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर! “मावशी, श्वास घे,” भाची म्हणायची.

लिस्बन हे टेकड्यांचं शहर. १७५५ च्या भूकंपात त्याचा मोठा भाग जमीनदोस्त झाला आणि ते पुन्हा उभं राहिलं. बेलेम भागातला जेरोनिमोसचा मठ मात्र त्यातून वाचला. दगडावर इतकं बारीक कोरीवकाम, की क्रोशाची जाळीच वाटावी. आत शिरल्याबरोबर वास्को द गामाचं थडगं. १४९८ मध्ये कालिकतला उतरलेला तो हाच! शाळेत सनावळी पाठ करताना तो असा समोर येईल असं वाटलं नव्हतं. त्याच्या मागून आलेल्यांनी गोव्यात साडेचारशे वर्षं राज्य केलं, जुलूमही केले. आणि जाताना आपल्या घराघरांत शब्द ठेवून गेले. पाव, बटाटा, साबण, बालदी, चावी, पगार... सगळे त्यांच्याकडचे. दुकानाच्या पाटीवर ‘साबांव’ वाचून माझी बहीण लहान मुलीसारखी टाळ्या पिटायला लागली.

मठाजवळच १८३७ पासून चालत आलेल्या दुकानात अंड्याच्या मलईचे गरमागरम पेढेवजा टार्ट खाताना भाचीनं एक गोष्ट सांगितली. १९११ मध्ये कुटुंबप्रमुख असलेल्या नागरिकांना मत देता येईल, असा कायदा इथे झाला. तो पुरुषच हवा, असं कुठं लिहिलं नव्हतं. कारोलिना बियात्रिस आंजेलु ही डॉक्टर बाई विधवा होती, मुलीला वाढवत होती. म्हणजे कुटुंबप्रमुख तीच! ती कोर्टात गेली, जिंकली आणि लिस्बनमध्ये तिनं मत टाकलं. सरकारनं काय करावं? १९१३ मध्ये कायदाच बदलला आणि त्यात ‘पुरुष’ हा शब्द घातला. सरसकट सगळ्या बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९७४ च्या क्रांतीनंतर. आपल्याकडे पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, अंगठा उठवणाऱ्या आजीलाही मत होतं. मैत्रिणींनो, त्या क्षणी मला फार भरून आलं.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला ओबिदुश. तटबंदीच्या आतलं चिमुकलं गाव. पांढरीशुभ्र घरं, त्यांना निळे-पिवळे पट्टे, भिंतींवर बोगनवेल. राजा दिनिशनं तेराव्या शतकात हे अख्खं गाव राणी इझाबेलला लग्नात भेट दिलं आणि पुढे कित्येक शतकं ते राण्यांच्याच नावावर राहिलं. तटावरून चालता येतं, पण आतल्या बाजूला कठडा नाही. आम्ही दोघी बहिणी साठीच्या आतल्याच, तरी भिंतीला चिकटून खेकड्यासारख्या चाललो. “राणीच्या नावावर आख्खं गाव, आपल्या नावावर गॅसचं कनेक्शन,” बहीण म्हणाली. खाली उतरेपर्यंत हसू आवरेना.

तिथून आल्कोबासा. ११५३ मध्ये स्थापन झालेला हा मठ. इथलं स्वयंपाकघर बघायलाच हवं. उंचच उंच धुराडं आणि नदीचं पाणी पाटानं थेट आत आणलेलं. आणि एवढ्या स्वयंपाकघरात राबणारे सगळे पुरुष! मठच साधूंचा ना. चर्चमध्ये राजपुत्र पेद्रू आणि इनेश यांची थडगी आहेत. दोघांचं प्रेम बापाला, म्हणजे राजाला, मान्य नव्हतं. १३५५ मध्ये त्यानं कोइंब्रात इनेशला मारवलं. पेद्रू पुढे राजा झाला, तेव्हा ‘आमचं लग्न झालेलं होतं’ असं त्यानं जाहीर केलं आणि तिच्यासाठी राणीच्या थाटाचं थडगं घडवलं. दोघांचे पाय एकमेकांकडे आहेत. शेवटच्या दिवशी उठतील तेव्हा आधी एकमेकांचं तोंड दिसावं म्हणून, असं सांगतात. पर्यटक डोळे पुसत होते. मी मात्र त्या दगडी मुकुटाकडे बघत राहिले. सगळा मान मेल्यावर!

जवळच आल्जुबारोता. १३८५ मध्ये इथे पोर्तुगालनं कास्तीलच्या सैन्याला हरवलं. दंतकथा अशी, की एका पाववालीच्या भट्टीत सात शत्रुसैनिक लपले आणि तिनं पाव काढायच्या लाकडी फावड्यानं त्यांचा निकाल लावला. त्या विजयाचा मठ बाताल्याला आहे. तिथे राजा जुआंव आणि राणी फिलिपा यांच्या दगडी मूर्ती शेजारी शेजारी निजल्या आहेत, एकमेकांचा हात हातात घेऊन. ते मला आवडलं.

संध्याकाळी कोइंब्रा. १२९० मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ टेकडीवर, काळे झगे घातलेली मुलंमुली रस्त्यात. जुन्या ग्रंथालयात वटवाघळं राहतात. पुस्तकं खाणारे किडे ती रात्री खातात, म्हणून त्यांना कुणी हाकलत नाही. रोज रात्री टेबलांवर चामड्याची आच्छादनं घालतात, एवढंच! या विद्यापीठात पहिली मुलगी आली ती १८९१ मध्ये, दोमितिला द कार्वाल्यो. म्हणजे सहाशे एक वर्षांनी. वटवाघळांना मुलींपेक्षा लवकर प्रवेश मिळाला असावा.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई पंचाहत्तरीच्या. रात्री त्यांनी गरम कोबीचं सूप वाढलं. भाची दुभाषी. “तिघीच आलात? नवरे?” त्यांनी विचारलं. मी ठेवणीतलं वाक्य काढलं, “त्यांनी परवानगी दिली.” भाचीनं भाषांतर केलं आणि बाईंचा डाव तसाच हातात राहिला.

मग त्या सावकाश बोलू लागल्या. साठच्या दशकात त्यांची मोठी बहीण पोटासाठी फ्रान्सला गेली. पहिलं बाळंतपण आलं. आईनं निघायची तयारी केली, लोकरीचे मोजे विणले. पण त्या वेळी लग्न झालेल्या बाईला देशाबाहेर जायला नवऱ्याची संमती लागायची. वडील थोरल्या लेकीवर रागावलेले. त्यांनी सही केली नाही. आई गेली नाही. १९६९ मध्ये ती अट निघाली. आई फ्रान्सला पोचली तेव्हा नातू पाच वर्षांचा होता. “मोजे मात्र घेऊन गेली,” बाई म्हणाल्या. “कुणाला होणार होते?”

आम्ही तिघी गप्प. लेकीच्या बाळंतपणाला न जाता येणं म्हणजे काय, हे सांगायला दुभाषी लागत नाही. मग त्यांनी मला विचारलं, “तुमच्याकडे अजून सही लागते?” “छे! नाही लागत.” “मग परवानगी कसली?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागद तर आमच्याकडे नाहीच. मग तो माझ्या जिभेवर कुणी ठेवला?

शेवटचा मुक्काम पोर्तो. दोउरु नदीवरचा १८८६ चा दुमजली लोखंडी पूल, काठावर रंगीत घरं. इथल्या द्राक्षबागांचा कारभार दोना आंतोनिया फेरैरा या बाईंनी तरुण वयात विधवा झाल्यावर हातात घेतला आणि वाढवला. १८६१ मध्ये त्यांची नाव नदीत उलटली, तेव्हा घेरदार झग्यांमुळे त्या तरंगल्या, असं सांगतात. बहीण म्हणाली, “नऊवारीनं वाचवलं असतं का गं?”

घरी आल्यावर ‘ह्यांना’ कोइंब्राची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी कधी परवानगी दिली? तूच मागायचीस.” खरंच होतं ते. आणि मागितल्यावर त्यांनी कधी ‘मागू नकोस’ म्हटलं नाही, हेही खरंच!

परवा बैठकीत ठरलं, गटातल्या सगळ्या जणी मिळून चार दिवस कोकणात जायचं. ‘मालकांनी सोडलं का’ म्हणून विचारणारी तीच म्हणाली, “घरी विचारते आणि कळवते.” मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. थोडं थांबून तीच हसली.

“बरं बाई... सांगते आणि येते.”